कढीपत्त्यावरच्या अळ्या, कातरलेली गुलाबाची पाने आणि पिंपावरचा फेस: परसातील लहान जीव पाहायचे कसे, राखायचे कोणते?

अबोली, डिचोली

नमस्कार. आमचे घर डिचोली तालुक्यातील एका वाड्यावर आहे. पुढे अंगणात तुळशीवृंदावन, मागे चिऱ्यांच्या गडग्यापर्यंत छोटे परस आणि त्यात माड, एक जुने काजूचे झाड, कढीपत्ता, लिंबू, जास्वंद, अबोलीची रांग आणि कुंड्यांतले गुलाब, इतकाच आमचा पसारा आहे. पाऊस लागल्यापासून माझी दहा वर्षांची मुलगी या परसात किडे, कोळी, बेडूक असे जे दिसेल ते पाहत बसते. तिच्या प्रश्नांना मला धड उत्तरे देता येत नाहीत, म्हणून येथे विचारत आहे.

कढीपत्त्यावर प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या बारीक अळ्या होत्या. त्यांच्या जागी आता जाड हिरव्या अळ्या दिसतात आणि रोपाचे शेंडे जवळजवळ बोडके झाले आहेत. शेजारच्या काकांनी फवारणीचा सल्ला दिला आहे, मुलीचा मात्र त्याला सक्त विरोध आहे. गुलाबाच्या पानांच्या कडा स्वच्छ अर्धगोलात कापलेल्या आढळतात, पण शोधूनही त्यांवर एकही अळी सापडत नाही. खिडकीच्या चौकटीवर कोणीतरी मातीच्या नळ्या चिकटवल्या आहेत. शिवाय न्हाणीमागच्या पाण्याच्या पिंपात, काठाखाली आतल्या बाजूस, परवा सकाळी पांढऱ्या फेसाचा एक गोळा दिसला. साबणाचा असेल असे वाटले होते, पण तो अजून तसाच आहे.

यांपैकी काय राहू द्यावे आणि काय काढावे? तसेच मुलीला हे पाहणे थोडे पद्धतशीर करायचे असेल, तर सुरुवात कशापासून करावी? महागडा कॅमेरा घेण्याची आमची तयारी नाही.

कुळागरकर, फोंडा

अबोलीताई, कढीपत्त्याची बाब आधी घेतो, कारण एकदा फवारणी झाली की पाहण्यासारखे फारसे काही उरत नाही.

कढीपत्ता, लिंबू, पपनस आणि बेल ही सारी एकाच कुळातील झाडे आहेत आणि आपल्याकडच्या परसांत त्यांवर प्रामुख्याने दोन फुलपाखरे अंडी घालतात: लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन. मादी पानावर उतरली की पुढच्या पायांनी भराभर थापट्या मारते. पायांवरच्या संवेदी केसांनी ती पानाची चव घेत असते, आणि झाड योग्य असल्याची खात्री पटली की कोवळ्या पानावर फिकट पिवळसर, गोल अंडे एकेक करून चिकटवते. अळी पाच अवस्थांतून वाढते. पहिल्या चार अवस्थांत ती काळपट-तपकिरी असून मध्ये पांढरा पट्टा असतो, म्हणजे आपण लिहिले आहे तशी विष्ठेसारखी. त्यामुळे उघड्या पानावर बसूनही ती पक्ष्यांच्या नजरेतून बरेचदा सुटते. त्यानंतर कात टाकून ती हिरवी होते आणि खाण्याचा खरा सपाटा याच शेवटच्या अवस्थेत असतो. आपले रोप एकाएकी बोडके झाले ते त्यामुळेच, आणि आता फवारण्यात अर्थ नाही तोही त्यामुळेच: थोड्याच दिवसांत या अळ्या आपणहून खाणे थांबवून कोष करायला निघून जातील. रोप अगदी कोवळे असेल तर काही अळ्या पानासकट खुडून लिंबाच्या झाडावर ठेवाव्यात, त्या तेथे खातील. कढीपत्ता चिवट असतो. छाटल्यावर फुटतो तसा अळ्यांनी खाल्ल्यावरही फुटतो.

मुलीला एवढे दाखवा. गवताच्या काडीने हिरव्या अळीच्या डोक्यामागे हलकेच स्पर्श केला की तेथून नारिंगी-तांबडे, दुटोकी शिंग बाहेर येते, उग्र वास सुटतो आणि क्षणात ते शिंग पुन्हा आत जाते. मुंग्या आणि लहान शत्रूंना दूर ठेवण्याची ही युक्ती आहे. एकदा पाहून झाले की मात्र अळीला पुनःपुन्हा त्रास देऊ नये.

कोष शोधणे हे त्याहून कसबाचे काम आहे, कारण अळी बरेचदा झाड सोडून गडग्याच्या चिऱ्यावर किंवा कुंडीच्या कडेलाही जाते. शेपटीकडे रेशमाची गादी आणि पाठीवरून कमरेसारखा आवळलेला एक धागा, यांवर कोष तिरका टेकलेला असतो. हिरव्या डहाळीवर तो बहुधा हिरवा आणि वाळक्या काटकीवर तपकिरी असतो. रिकामा कोष हाती लागला तर तो फेकू नका, भिंगातून पाहा. डोक्याकडची बाजू उकललेली आणि मागे पातळ, पारदर्शक साल उरलेली असेल, तर फुलपाखरू सुखरूप उडाले. उलट कोष काळपट, टणक आणि त्याच्या बाजूला एखादे बारीक गोल छिद्र असेल, तर आतले फुलपाखरू कधी जन्मलेच नाही; परजीवी गांधीलमाशीच्या पिल्लांनी कोष आतून खाल्ला आणि ती त्या छिद्रातून बाहेर पडली. अळ्यांची संख्या आटोक्यात ठेवणारी ही मंडळी आकाराने इतकी लहान असतात की परसात ती आहेत हे आपल्याला या छिद्रांवरूनच कळते, आणि फवारणीत त्यांचाही बळी जातो.

कढीपत्त्यावरून निघालेली मॉर्मनची मादी ओळखणे हा स्वतंत्र अभ्यास आहे. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेला. माद्या तीन रूपांच्या असतात: एक नरासारखी, दुसरी कॉमन रोजसारखी आणि तिसरी क्रिम्झन रोजसारखी. ही दोन्ही रोज फुलपाखरे सापसणीच्या वेलावर वाढत असल्यामुळे विषारी असतात आणि पक्षी त्यांना टाळतात. मॉर्मनची मादी विष न बाळगता त्यांचा वेष तेवढा घेते. फसगत टाळायची असेल तर पंख सोडून धड पाहावे. खऱ्या रोजचे धड तांबडे असते, मॉर्मनचे काळे.

गुलाबाच्या पानांवर अळी सापडणार नाही, कारण ते काम पानकापी मधमाशीचे आहे. ती पान खात नाही. काही क्षणांत तुकडा कापून, तो पोटाखाली धरून उडते आणि बांबूच्या पोकळीत किंवा भिंतीच्या भोकात त्याच्या गुंडाळीची कोठडी करते. कोठडीत पराग आणि मध यांचा गोळा, त्यावर एक अंडे आणि तोंडाशी पुन्हा गोल तुकड्यांचे झाकण, अशी तिची रचना असते. ही माशी एकेकटी राहते, अंगावर धावून येत नाही, आणि तिच्यामुळे गुलाब मेल्याचे मी तरी पाहिलेले नाही. तिच्यावर फवारणी करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो सौजन्याने ऐकून सोडून द्यावा.

चौकटीवरच्या मातीच्या नळ्या कुंभारीण माशीच्या आहेत. नांगी मारून लुळे केलेले, पण जिवंत असलेले कोळी ती प्रत्येक नळीत भरते, त्यांतल्या एकावर अंडे घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. तिच्याच नात्यातली दुसरी माशी लहान गळ्याच्या मडक्यासारखे घर बांधते आणि त्यात कोळ्यांऐवजी अळ्या भरते. संतवाङ्मयात अळी भिंगुरटीचे ध्यान करता करता स्वतःच भिंगुरटी होते असा दृष्टान्त येतो. अळी आत जाते आणि माशी बाहेर येते एवढे त्या निरीक्षणात खरे आहे, मधला प्रकार मात्र ध्यानापेक्षा बराच निर्दय आहे. मातीवर गोल भोक पडलेले दिसले की माशी बाहेर पडली असे समजावे, आणि चौकट पुसायचीच असेल तर त्यानंतर पुसावी.

भाटातला माणूस, पेडणे

वरील प्रतिसाद वाचून आनंद झाला, परंतु परसात जे येईल ते राहू द्यावे असा कोणाचा समज होऊ नये, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमचे माडांचे भाट आहे आणि दोन प्राण्यांच्या बाबतीत मी दयामाया दाखवत नाही.

पहिला गेंड्या भुंगा. तो माडाच्या शेंड्यातील न उमललेला कोंब पोखरतो आणि पुढे झावळ उघडली की तिच्यावर त्रिकोणी कापे दिसतात. माडाच्या आसपास शेणखताचा खड्डा किंवा कुजलेला ओंडका असेल तर त्याची पैदास तेथेच होत असते. मात्र खतात पांढरी, वळलेली, जाड अळी दिसली की ती गेंड्याचीच असे धरून चालू नका, कारण फुलांवर येणाऱ्या निरुपद्रवी भुंगेऱ्यांच्या अळ्याही खतातच वाढतात आणि खत कुजवण्याचे काम करतात. अळी उचलून सपाट फळीवर ठेवावी. ती पाठीवर उलटून, पाय वर करून, पाठीनेच सरपटू लागली तर ती फुलभुंगेऱ्याची आहे, तिला परत खतात सोडावे. कुशीवर वळून पडून राहिली तर गेंड्याची शक्यता मोठी. खड्ड्यातील अळ्यांसाठी मेटारायझियम या बुरशीचा वापर करतात. ती अळीच्या शरीरावर वाढून तिला मारते, आणि परसातील एकूण जीवसृष्टीचा विचार करता हा मार्ग विषापेक्षा कितीतरी बरा आहे.

दुसरी आफ्रिकन गोगलगाय. ती मूळची आपली नाही. 1847 मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली आणि तेथून पसरत गेली. प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असल्यामुळे प्रत्येक जण अंडी घालते, एका वेळी शंभराहून अधिकसुद्धा. रात्री टॉर्च घेऊन हातमोजे घालून वेचावी आणि मिठाच्या दाट पाण्यात बुडवावी. उघड्या हाताने ती धरू नये, मुलांना तर मुळीच धरू देऊ नये, कारण मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका कृमीची ती वाहक असू शकते. बाजारात मिळणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मी वापरत नाही, कारण त्या कुत्र्यांनाही मारतात, आणि गोगलगायी खाणारा भारद्वाज आमच्या भाटात आहे.

आपल्या काजूवर ओंबील असेल, म्हणजे पाने विणून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, तर ती घरटी तोडू नका. काजूला मोहोर येतो तेव्हा ढेकण्या कोवळ्या फुटीतील आणि मोहोरातील रस शोषतो व ती फूट करपते. ओंबील त्याला झाडावर टिकू देत नाही. चावते, हे खरे. काजू वेचायला जाताना आम्हीही शिव्या घालतो.

अबोली, डिचोली

देव बरे करो. फवारणी रद्द झाली आहे आणि काकांना पानकापी मधमाशीची हकिगत ऐकवून झाली आहे. खतातील एक अळी फळीवर ठेवली, ती पाठीने सरपटत गेली. मुलीने ते दृश्य घरातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवले.

फेसाचा प्रश्न मात्र राहिला. त्याचा वरचा थर आता वाळून पिवळसर झाला आहे. आरोग्य खात्याची माणसे डासांच्या पाहणीसाठी घरोघर फिरत आहेत आणि पिंप रिकामे करा असे सांगून गेली आहेत. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, म्हणून काय करावे ते लवकर कळले तर बरे होईल.

रातवा, वाळपई

तो फेस झाडबेडकाचे घरटे आहे. मादी पाण्याच्या वर, फांदीवर किंवा टाकीच्या आतल्या भिंतीवर बसून अंड्यांबरोबर एक द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळून फेस करते. बाहेरचा थर वाळून टणक होतो, आतला भाग ओला राहतो आणि अंडी त्यात सुरक्षित राहतात. काही दिवसांनी फेसाचा खालचा भाग पातळ होऊन पिल्ले थेट पाण्यात गळून पडतात. जागा निवडताना मादी पाण्याच्या वरची जागा पाहते, ती का, हे मुलीला त्या दिवशी आपोआप कळेल.

पिंपाच्या बाबतीत आरोग्य खात्याचेच ऐकावे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पिंपाच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेलगत अंडी चिकटवतो, आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा आतून घासणे आवश्यक असते. बेडकाची पिल्ले डासांच्या अळ्या फस्त करतील या भरवशावर राहू नये, ती मुख्यतः शेवाळ आणि कुजलेली पाने खातात. यावर मार्ग असा: एखादे पसरट टब घेऊन त्यात पावसाचे किंवा विहिरीचे पाणी भरावे, नळाचे नको. थोडी पाने आणि शेवाळलेला दगड घालावा. मग फेसाचा गोळा खालून पातळ पत्र्याने सुटा करून, शक्यतो न फोडता, टबावर आडव्या ठेवलेल्या काठ्यांवर टेकवावा आणि सगळ्यावर मच्छरदाणीचे कापड घट्ट बांधावे. टब सावलीत असावे. त्यात गप्पी मासे सोडू नयेत, ते पिल्ले खातील. पिल्लांना पुढचे पाय फुटले की पाण्याबाहेर येणारी एक काठी तिरकी ठेवावी आणि संध्याकाळी कापड सैल करावे.

पद्धतशीर पाहण्याविषयी माझे मत थोडे हट्टी आहे. संपूर्ण परस पाहू नये. एक झाड निवडावे, आपल्या बाबतीत कढीपत्ता किंवा काजू, आणि पुढचे वर्षभर त्याच झाडाची वही ठेवावी. तारीख, वेळ, पाऊस होता की ऊन, पानाच्या वर की खाली, आणि मुख्य म्हणजे तो जीव काय करत होता. नाव माहीत नसले तरी चालते. ‘काळा किडा दिसला’ ही नोंद वाया जाते; ‘मावा असलेल्या शेंड्यावर काळा-नारिंगी, काटेरी, पंख नसलेला किडा फिरत होता आणि मावा खात होता’ असे लिहिले, तर तो ढालकिड्याचा पिल्लू-अवतार आहे हे कोणीही मागाहून सांगू शकेल. अनेक घरांत हाच अवतार कीड समजून चिरडला जातो आणि नंतर माव्यासाठी औषध विकत आणले जाते.

उपकरण म्हणून दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग पुरेसे आहे. भिंग डोळ्याला अगदी लावून वस्तू जवळ आणावी. वस्तूवर भिंग धरून लांबून पाहिले तर निम्मी मजा जाते. पुढच्या मृगात पहिल्या पावसानंतर मखमली तांबडा मृगाचा किडा दिसला तर भिंगाखाली त्याचे पाय मोजायला सांगा. आठ भरतील, म्हणजे तो कीटक नसून कोळ्यांच्या गोतावळ्यातला आहे. त्याला डबीत ठेवू नये. वर्षातला फार थोडा काळ तो जमिनीवर येतो.

चतुरसखा, मडगाव

वहीच्या सूचनेशी मी सहमत आहे, पण नाव माहीत नसले तरी चालते हे फार काळ मान्य करता येणार नाही. नाव कळले की त्या जीवाविषयी इतरांनी जे लिहून ठेवले आहे त्याचे दार उघडते. मोबाइलवर ‘आयनॅचरलिस्ट’ हे जीवांची छायाचित्रे टाकून ओळख पटवण्याचे अॅप वापरावे. एकच छायाचित्र देऊ नये: वरून, बाजूने, शक्य असल्यास पंखांची खालची बाजू आणि ज्या झाडावर तो बसला होता त्या झाडाचे पान, असे सर्व द्यावे, कारण अळीच्या बाबतीत खाद्यवनस्पतीवरून अर्धी ओळख पटते. यंत्राने सुचवलेले नाव डोळे झाकून स्वीकारू नका, पाहणारी माणसे दुजोरा देईपर्यंत थांबा. आणि घरच्या परसातील नोंदी असल्यामुळे ठिकाण ‘अस्पष्ट’ असे ठेवण्याची सोय अवश्य वापरा. अन्यथा आपल्या घराचा नेमका ठिपका जगाला दिसेल.

सकाळचे आठ ते अकरा हे फुलपाखरांना बरे. पावसाने उघडीप दिली की अंगणावर घोळक्याने घिरट्या घालणारे पिवळसर चतुर दिसतील, त्यांना बसलेले पाहणे कठीण, म्हणून छायाचित्राचा आग्रह धरू नये. हे बहुधा भटके चतुर असतात आणि पावसाळ्यानंतर ते हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असा तर्क मालदीवमध्ये वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींच्या आधारे 2009 मध्ये मांडला गेला. त्याची सुरुवातही कोणत्या आठवड्यात किती चतुर दिसले एवढ्या साध्या नोंदींपासूनच झाली होती.

रात्रीच्या पतंगांसाठी दोरीवर पांढरी चादर टांगून तिच्यापुढे दिवा लावावा. एलईडीच्या दिव्यात अतिनील प्रकाश जवळजवळ नसल्यामुळे पतंग कमी येतात. जुनी ट्यूबलाइट किंवा सीएफएल अधिक बरी. चांदणे नसलेली, ढगाळ, दमट, वारा पडलेली रात्र निवडावी. तळहाताहून मोठा, पंखांच्या टोकाला सापाच्या तोंडाचा भास होणारा पतंग आला तर तो अॅटलास पतंग होय. त्याला साखरपाणी देण्याचा प्रयत्न करू नका, प्रौढ अवस्थेत त्याला खाण्याजोगे तोंडच नसते आणि अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो आपले मोजके दिवस काढतो. दीड-दोन तासांनी दिवा बंद करावा आणि चादर हलकेच झटकून पतंग झाडीत सोडावेत, नाहीतर सकाळी दयाळ आणि कोतवाल चादरीवर नाश्त्याला बसतात. मे-जूनमध्ये काजवे दिसत असतील त्या दिवसांत मात्र ही चादर लावूच नये आणि मागच्या दारचा दिवाही विझवावा, कारण नर-मादी एकमेकांना प्रकाशाच्या खुणांनीच शोधतात आणि त्यांच्या अळ्या ज्या गोगलगायी खातात त्यांची आपल्याकडे काही टंचाई नाही.